सव्वा लाखात एस्टीमला टर्बो: हिशेब, जोडणी आणि बिघाड

या अभ्यासासाठी गाडी एकच धरली आहे: मारुती एस्टीम, १.३ लिटर, सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी). तिला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप, जोडायचा आहे. ठिकाण कोल्हापूर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर. खर्चाची मर्यादा १,२५,००० रुपये. इंजिन खोलून फोर्ज्ड (जास्त मजबूत) पिस्टन टाकायचे नाहीत, हेड उतरवायचं नाही, आणि गाडी ट्रॅकवर दिवसभर पळून स्वतःच्या चाकांवर ट्रेलरवर चढली पाहिजे. ही शेवटची अट सगळ्यात अवघड. दहा मिनिटं जोरात पळणारी टर्बो एस्टीम कुणीही बनवतो.

कायद्याचं आधीच सांगितलेलं बरं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचा दावाही नाकारला जाऊ शकतो, तो तोटा वेगळाच. म्हणून ही गाडी खासगी जागेसाठी आणि ट्रॅकसाठी आहे, रंकाळ्यावर चक्कर मारण्यासाठी नाही.

एस्टीमच का? १९९४ ते २००७ एवढा काळ ती विकली गेली, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. वजन नऊशे किलोच्या आत. आणि जी१३ इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे क्रँक, रॉड आणि बेअरिंगं, मोजक्या दाबाला पुरून उरतो. बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, एकूण १२९८ सीसी. कंपनीची ताकद ८५ पीएस. कोल्हापूरच्या उंचीवर आणि ३२ अंशांच्या हवेत घनता समुद्रकाठापेक्षा आठ टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे तब्येतीत असलेल्या इंजिनाकडूनही इथे ७७ बीएचपीच्या आसपासच मिळणार. ही सुरुवातीची पातळी लक्षात ठेवा. टर्बोमुळे किती वाढलं हे ब्रोशरच्या आकड्यावरून मोजलं तर पदरी निराशा येते.

आधी कागदावर

कमी खर्चाच्या टर्बोत पहिली चूक दुकानात होते. टर्बो स्वस्त मिळाला म्हणून घेतला जातो आणि मग त्याला इंजिन शोधलं जातं. खरा क्रम उलटा आहे: इंजिन किती हवा ओढतं ते काढायचं आणि त्या हवेला योग्य टर्बो शोधायचा.

चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. ६००० आरपीएमला ०.६४९ लिटर गुणिले ६०००, आणि भरण्याची क्षमता ८५ टक्के धरली, तर मिनिटाला सुमारे ३.३ घनमीटर हवा होते. टर्बोचा वाढीव दाब, म्हणजे बूस्ट, ०.४५ बार ठरवू. कोल्हापुरात हवेचा दाब सुमारे ०.९५ बार, म्हणजे इंटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) निरपेक्ष दाब १.४० बार. एअर फिल्टर आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) यांत वाया जाणारा दाब जमेला धरला तर टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूला, म्हणजे कॉम्प्रेसरला, १.५८ पट दाबायचं काम आहे. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ३२ अंशांची हवा ९७ अंशांवर बाहेर पडते. इंटरकूलरने त्यातली पासष्ट टक्के उष्णता काढली की मॅनिफोल्डमध्ये ५५ अंश उरतात. अशा हवेचं वस्तुमान मिनिटाला ४.९ किलो, सेकंदाला ०.०८२ किलो. पेट्रोल इंजिनाचा ठोकताळा धरला तर ही हवा १०५ ते ११० बीएचपी देते. ७७ वरून १०८ म्हणजे चाळीस टक्के वाढ. इंटरकूलर गाळला तर त्याच दाबाला अकरा टक्के हवा कमी बसते आणि ९७ अंशांची हवा सिलिंडरात गेल्यावर नॉकिंग (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटणं) ठरलेलंच. पैसे वाचवायला इंटरकूलर काढणारे पुढे पिस्टनवर ते पैसे भरतात.

आता टर्बो. १.३ डिझेल गाड्यांचे छोटे टर्बो भंगारात ढिगाने पडलेले असतात आणि हवेच्या वस्तुमानाच्या हिशेबात ते या इंजिनाला जमतीलसे वाटतात. अडचण गरम बाजूला, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या टर्बाइनकडे, आहे. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा बराच थंड असतो. पेट्रोल इंजिन पूर्ण लोडवर ९०० अंशांच्या पुढे जातं. तेवढ्याच वस्तुमानाचा वायू जास्त तापला की त्याचं आकारमान वाढतं, छोट्या टर्बाइनमध्ये तो तुंबतो, सिलिंडरात उलटा दाब वाढतो आणि तापलेला जुना वायू आतच राहतो. परिणाम पुन्हा नॉकिंग. त्यात डिझेल टर्बोचं ओतकाम या तापमानासाठी केलेलं नसतं, त्याला तडे जातात. नव्या छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांचे टर्बो तापमानाला ठीक असतात, पण बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्ये किंवा टर्बाइनच्या घरातच ओतलेला असतो, त्यामुळे जुन्या इंजिनाला जोडायला फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची चपटी कड, मिळतच नाही.

म्हणून निवड केकेके के०३ ची, जुन्या ऑक्टाविया १.८ टर्बोवरची. पेट्रोलच्या तापमानासाठीच केलेला, पाण्याने थंड होणारा, साध्या जर्नल बेअरिंगचा, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट वळवून दाब मर्यादेत ठेवणारी झडप) अंगातच असलेला, तीन बोल्टांच्या त्रिकोणी फ्लँजचा टर्बो. १.८ च्या १५० पीएस इंजिनावर तो १७५० आरपीएमला पूर्ण टॉर्क देतो. विस्थापनाच्या प्रमाणात पाहिलं तर १.३ वर साधारण २४०० ला जागा होईल, जुळणीतल्या गळती धरून २८०० म्हणा. आपली ०.०८२ किलोची मागणी त्याच्या आवाक्याच्या मधोमध येते.

जुना टर्बो विकत घेताना कॉम्प्रेसरचं चाक बोटाने फिरवून बघतात आणि समाधान मानतात. तेवढ्याने काही कळत नाही. शाफ्ट पुढे-मागे ओढून बघा. अक्षाच्या दिशेने जाणवण्याइतका प्ले असेल तर थ्रस्ट बेअरिंग गेलं. बाजूला थोडा प्ले असणारच, कारण जर्नल बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं. मात्र चाक घराला घासल्याची रेघ दिसली तर हात लावू नका. टर्बाइनच्या घरात वेस्टगेटच्या भोकाभोवतीचे केसाएवढे तडे बहुतेक जुन्या के०३ मध्ये असतात, ते चालतात. भोकातून बाहेरच्या भिंतीपर्यंत गेलेला तडा चालत नाही. वेस्टगेट उघडणाऱ्या ॲक्च्युएटरला पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरून रेग्युलेटर लावून हवा द्या आणि दांडा नेमका किती दाबाला हलतो ते लिहून ठेवा. बहुधा ०.३५ ते ०.४ बार निघेल. दांड्याची लांबी एक-दोन आटे कमी केली की ०.४५ मिळतो. वेगळा बूस्ट कंट्रोलर लागत नाही, आणि नाही तेच बरं: तो असला की हात शिवशिवतात.

पैसे कुठे गेले

टर्बो आणि रिपेअर किट मिळून १८,००० रुपये. मॅनिफोल्ड आणि डाऊनपाइपसाठी साहित्य, लेझर कटिंग आणि टिग वेल्डिंग १४,०००. इंटरकूलर, पाइप, सिलिकॉन होज १२,०००. ईसीयू (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा संगणक), सेन्सर आणि वायरिंग २२,०००. वाइडबँड (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) १८,०००. इंजेक्टर, पंप, रेग्युलेटर १२,०००. तेल-पाण्याच्या लाइनी आणि मीटर ८,०००. क्लच ७,०००. डायनोचे (ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) तास ८,०००. बेरीज १,१९,०००. उरलेले सहा हजार ही बचत समजू नका, ते पहिल्या चुकीसाठी बाजूला काढलेले पैसे आहेत. बाजार, ओळख आणि भंगारातलं नशीब यांनुसार आकडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण बघा: ज्या वस्तूच्या नावाने हा सगळा खटाटोप, तिच्यावर सातवा हिस्सा खर्च आणि मोजमाप व नियंत्रणावर एक तृतीयांश. वाइडबँडचे अठरा हजार कापून मोठा टर्बो घेणारा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याचं इंजिन प्रत्येक गावात एकदा उघडतं.

कोल्हापूरला हे काम सोपं जातं त्याला कारण आहे. उद्यमनगरात लेथ आणि सरफेस ग्राइंडर हाकेच्या अंतरावर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लेझर कटिंग. टर्बोसाठी मात्र कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा पुण्याला चक्कर पडतेच, आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

इंजिनाची तब्येत

काहीही खोलण्याआधी गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन मोजा. चांगल्या इंजिनाला दर चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या आसपास मिळतं. १२ च्या खाली असेल किंवा दोन सिलिंडरांत एकापेक्षा जास्त किलोचा फरक असेल तर टर्बोचा विचार तिथेच थांबवा. थकलेल्या रिंगांतून गेलेला दाब क्रँककेसमध्ये साठतो आणि तो टर्बोचं तेल परत येऊ देत नाही, हे पुढे येईलच.

कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) कमी करायला जाड हेडगॅस्केट घालायचा सल्ला हमखास मिळतो. हिशेब करून पाहा. रेशो ९.५ धरला तर एका सिलिंडरची ज्वलनाची जागा ३८.२ सीसी. गॅस्केट एक मिलिमीटरने जाड केलं की ४.३ सीसी वाढतात आणि रेशो ८.६ वर येतो. कागदावर उत्तम. पण पिस्टनचा माथा आणि हेडची सपाट कड यांच्यातली फट तेवढीच वाढते, मिश्रण ढवळणारा झोत मंदावतो, ज्वलन रेंगाळतं आणि नॉकिंगची प्रवृत्ती पुन्हा वर येते. कमावलेलं बरंचसं तिथेच जातं. ०.४५ बारला मूळ गॅस्केट आणि मूळ रेशो ठेवून टायमिंग मागे घेणं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडणं, जास्त शहाणपणाचं.

मॅनिफोल्ड

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे हेडमधून टर्बोकडे जाणाऱ्या नळ्यांवर, सगळ्यात जास्त वेळ जातो. साहित्य साधं: हेडकडचा फ्लँज १२ मिमी एमएस (साधं पोलाद) प्लेटचा, रनर (प्रत्येक पोर्टची नळी) सव्वा इंची शेड्युल ४० च्या बटवेल्ड एल्बोचे. बाहेरचा व्यास ४२.२ मिमी, भिंत ३.५६, आतला व्यास ३५ च्या आसपास. एक इंची घेतला तर आतून २६.६ मिमीच उरतो, तो अपुरा. शेड्युल ४० ची भिंत जाड असल्याने टर्बोचं वजन पेलते आणि वेल्डिंगला दया दाखवते. स्टेनलेस ३०४ दिसायला छान, पण तापल्यावर एमएसपेक्षा खूप जास्त प्रसरण पावतं. चारशे मिमी लांबीचा मॅनिफोल्ड ७०० अंशांनी तापला तर एमएस साडेतीन मिमीच्या आसपास वाढतो, ३०४ पाच मिमी. हेड ॲल्युमिनियमचं आणि पाण्याने थंड, ते एवढं वाढत नाही. हा फरक कुठेतरी निघतो: स्टड वाकतो, फ्लँज वळतो किंवा वेल्ड फाटतं.

फ्लँज जुन्या गॅस्केटवरून आखून लेझरने कापा, पण आधी तीन मिमी जाड पुठ्ठ्यावर कापून हेडवर लावून बघा. कोपऱ्यातल्या एका स्टडचा दीड मिमी फरक बारा मिमी प्लेट कापून झाल्यावर कळला तर कानस घेऊन बसावं लागतं.

वेल्डिंगआधी फ्लँज भंगारातल्या हेडवर किंवा २५ मिमी प्लेटवर घट्ट बोल्ट करा. टाके सगळीकडे एक-एक देत जा, एक रनर पूर्ण करून दुसऱ्याकडे जाऊ नका. रूट पास (सांध्याचा पहिला, आतला थर) टिगनेच. साध्या रॉडने आतून रूट मारला तर स्लॅगचे खडे आत चिकटतात, पहिल्याच तापण्यात सुटतात आणि लाखभर आरपीएमने फिरणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळतात. वेल्ड झाल्यावर जोडणी पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट सोडायचे नाहीत. इतकं करूनही फ्लँज अर्धा मिमी वळलेला निघतो, म्हणून शेवटी सरफेस ग्राइंडरवर फेस मारून घ्या. त्यानंतर हेडकडच्या फ्लँजला दुसऱ्या-तिसऱ्या पोर्टच्या मधे करवतीने चीर द्या, म्हणजे दोन अर्धे स्वतंत्र वाढतील.

टर्बो रेडिएटर आणि इंजिन यांच्या मधे लटकतो. जागा पंख्याने खाल्लेली असते. टर्बोची पुठ्ठ्याची किंवा थर्माकोलची प्रतिकृती करून पंखा, बोनेट आणि क्रॉसमेंबर यांच्याशी मोजा. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून सगळीकडे किमान २० मिमी मोकळं सोडा. आणि जागा शोधताना एका गोष्टीवर तडजोड नाही: बेअरिंगच्या घराचं तेल निघायचं तोंड सरळ खाली, फार तर पंधरा अंश तिरकं.

तेल

घरगुती टर्बोतला निळा धूर दहातल्या आठ वेळा टर्बोच्या सीलचा नसतो. टर्बोला तेलाची रबरी सील नसतेच, पिस्टन रिंगसारखी एक बारीक रिंग असते आणि ती तेल अडवत नाही, वायू अडवते. तेल बाहेर येत नाही कारण ते खाली पडून जातं. खाली पडायची वाट अरुंद, वळणाची किंवा तुंबलेली असली की घर भरतं आणि तेल दोन्ही बाजूंनी बाहेर येतं. मग नवीन रिपेअर किट घातलं जातं, पुन्हा धूर, पुन्हा किट.

परतीची नळी आतून किमान १६ मिमी, सतत उताराची, कुठेही पोट न पडलेली. ती चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या पात्रात, तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. पातळीखाली उघडली तर वळणावर तेल उसळून नळी बंद करतं. चेंबर उतरवूनच भोक पाडा. गाडीवरच ग्रीस लावून ड्रिल मारलं की कीस बाहेर येतो, असं म्हणणाऱ्यांच्या बेअरिंगना विचारावं. भोकाला २० मिमीचा बुश वेल्ड करून पाणी भरून गळती बघा.

तेल द्यायची लाइन ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी जोडून घ्या. तिथे एक सापळा आहे. जपानी ब्लॉकचा आटा ब्रिटिश टेपर पद्धतीचा, आठवा इंच, इंचाला २८ आटे. बाजारात टर्बोच्या किटबरोबर येणारे अमेरिकी फिटिंग त्याच मापाचे पण इंचाला २७ आट्यांचे. ते दोन-तीन फेरे सहज बसतात, मग घट्ट होतात, माणसाला वाटतं छान बसलं. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमचा आटा चिरत गेलेला असतो आणि तिसऱ्या दिवशी तेलाची पिचकारी थेट तापलेल्या टर्बाइनवर. फिटिंग घेताना आटे मोजा. लाइन स्टील जाळीची टेफ्लॉन. जर्नल बेअरिंगला बॉल बेअरिंगवाला एक मिमीचा रिस्ट्रिक्टर (तेलाचा प्रवाह कमी करणारं बारीक भोक) घालू नका, बेअरिंग तेलाविना उपाशी मरतं.

पीसीव्हीचं, म्हणजे क्रँककेसमधला वायू बाहेर काढणाऱ्या नळ्यांचं, काम याच विभागात मोडतं. इंटेक मॅनिफोल्डला जाणाऱ्या पीसीव्ही नळीत एकदिशा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर बूस्ट सरळ क्रँककेसमध्ये जातो. टॅपेट कव्हरची दुसरी नळी कॅच कॅनमधून (तेल अडवणाऱ्या डब्यातून) टर्बोच्या तोंडाशी आणा. ब्रेक बूस्टरच्या नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून तपासा. तो जुना असून बूस्ट आत गेला तर पेडल दगडासारखं होतं, तेही नेमकं सरळ रस्त्याच्या शेवटी.

पहिल्यांदा सुरू करताना टर्बोच्या तेल आत घ्यायच्या भोकात सिरिंजने तेल घाला, इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरींचे प्लग काढा, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा आणि परतीच्या नळीतून तेल पडलेलं डोळ्यांनी बघा. मगच प्लग जोडा.

हवा आणि पेट्रोल

इंटरकूलर मोठ्या डिझेल गाडीचा जुना चालतो. आत तेल साचलेलं असतं, डिझेलने दोनदा आणि साबणाने एकदा धुवा. पाइप दोन इंची. ४७ मिमी आतल्या व्यासात हवेचा वेग सेकंदाला सुमारे ३२ मीटर येतो, तो पुरेसा कमी आहे. अडीच इंचीचा हट्ट फक्त भरायची जागा वाढवतो आणि पिकअप उशिरा येतो. पाइपच्या टोकाला उंचवट्याची कड काढायलाच हवी. गुळगुळीत टोकावरून तेलकट होज ०.४५ बारलाही निसटतो. जोडणी झाली की टर्बोच्या तोंडाला पीव्हीसी टोपी आणि टायरचा व्हॉल्व्ह लावून ०.७ बार भरा, साबणाचं पाणी फवारा. पहिल्या खेपेला तीन-चार ठिकाणी फेस येणारच.

पेट्रोलचा हिशेब ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) धरूनच करा. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेरा. पूर्ण बूस्टमध्ये लॅम्डा (प्रत्यक्ष हवा भागिले आदर्श हवा; १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८० ठेवायचा तर ४.९ किलो हवेला मिनिटाला साधारण ०.४५ किलो, म्हणजे ६०५ सीसी पेट्रोल. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी १५१ सीसी, आणि इंजेक्टर ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही म्हणून किमान १९० सीसीचा हवा. २४० सीसीचे घ्या. ६३ टक्क्यांत काम भागतं आणि आयडलही बिघडत नाही. जुने इंजेक्टर टेस्ट बेंचवर चारही एकदम मोजून घ्या. एकाचा प्रवाह दहा टक्के कमी असेल तर वाइडबँडवर सरासरी छान दिसते आणि तो एक सिलिंडर जळतो. पंपाला तासाला ३७ लिटर पुरतात, पण ते ३.५ बारच्या दाबाला पुरले पाहिजेत, म्हणून रेग्युलेटरची नळी इंटेक मॅनिफोल्डला जोडून, प्रेशर गेज लावून बघा. बूस्ट जेवढा वाढेल तेवढाच पेट्रोलचा दाब वाढलेला दिसला पाहिजे. जुन्या गाडीच्या रबरी पेट्रोल नळ्या ई२० ला टिकत नाहीत, त्या बदलूनच टाका.

वाइडबँडवर जुने एएफआर (हवा-पेट्रोल प्रमाणाचे) आकडे दिसतात, ते लॅम्डाला १४.७ ने गुणून दाखवलेले असतात. ई२० वरही ११.८ म्हणजे लॅम्डा ०.८०. म्हणून आकडा लॅम्डातच वाचायची सवय लावा. सेन्सर टर्बाइनच्या मागे दीड-दोन फुटांवर, वरच्या अंगाला तिरका. टर्बोच्या आधी लावला तर दाबाने खोटं बोलतो आणि तापून मरतो.

ईसीयू आणि टायमिंग

मूळ ईसीयूला बूस्ट समजत नाही. जास्त दाबाचा रेग्युलेटर लावून त्याला फसवायची जुनी पद्धत पेट्रोलचं भागवते, टायमिंगचं नाही. इथे आर्डुइनो मेगा बोर्डावर चालणारा स्पीडुइनो ईसीयू घेतला आहे, एमपीएक्स४२५० एपी मॅप सेन्सरसह (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), जो २० ते २५० किलोपास्कल वाचतो; १०० किलोपास्कल म्हणजे एक बार. चावी फिरवून इंजिन बंद असताना कोल्हापुरात ९५ च्या आसपास दिसलं पाहिजे. १०१ दिसलं तर कॅलिब्रेशन चुकलं, पुढचं सगळं ट्यूनिंग त्याच चुकीवर उभं राहील.

क्रँक पुलीवर ३६ वजा १ दातांचं (एक दात मुद्दाम गाळलेलं) चाक, पाच मिमी एमएसमधून लेझरने कापलेलं, सेन्सरपासून ०.८ ते १ मिमी. सेन्सरची वायर शिल्डेड हवी आणि शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलेली. ४५०० च्या वर इंजिन अडखळलं की सगळे पेट्रोलकडे धावतात. लॉगमध्ये सिंक (ईसीयूने क्रँकची स्थिती ओळखणं) तुटल्याची खूण आधी बघा. स्पार्क प्लग एक पायरी थंड, गॅप ०.७ मिमी. एनजीकेत मोठा आकडा म्हणजे थंड, बॉशमध्ये उलटं. या गोंधळात गरम प्लग लागल्याने पिस्टनला भोक पडू शकतं.

सुरुवातीचं टायमिंग १४० किलोपास्कलला: ३००० आरपीएमवर १४ अंश, ४००० वर १६, ५००० वर १८, ६००० वर २०. बूस्ट नसताना ४००० ला २६ च्या आसपास असतं, म्हणजे दहा अंश मागे. हे मुद्दाम सावध आहे. डायनोवर एक-एक अंश पुढे न्या, आणि टॉर्क वाढणं थांबलं की थांबा, नॉकिंगची वाट बघू नका. नॉकिंग ऐकायला महागडं यंत्र लागत नाही: तांब्याच्या सहा मिमी नळीचं टोक चपटं करून ब्लॉकला बोल्ट करा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि तिच्या पुढे कानावरचे मफ. डब्यात वाळूचे खडे हलवल्यासारखा आवाज आला की पाय उचला. लॅम्डा आयडलला १.०, १०० किलोपास्कलला ०.८८, १४० ला ०.८०. १५५ किलोपास्कलला पेट्रोल तोडायची मर्यादा टाका, म्हणजे वेस्टगेटची नळी निसटली तरी इंजिन वाचेल. ट्रॅकवर ९५ ऑक्टेनच्या खाली उतरू नका.

पहिल्या दिवसांत काय बिघडतं

तीन वेळा तापून थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे नट सैल होतात. पुन्हा आवळा, तांब्याचे लॉकनट वापरा. एक्झॉस्टची टिकटिक हेडकडून येत असेल तर फ्लँज वळला, टर्बोकडून येत असेल तर गॅस्केट. मॅनिफोल्डवर कापडी रॅप घट्ट गुंडाळलं की एमएस रॅपखाली गंजतं, त्यापेक्षा १२ मिमी अंतर सोडून ॲल्युमिनियम पत्र्याची ढाल बरी. रेडिएटरचा वरचा होज, पंख्याच्या वायरी आणि क्लच केबल या ढालीच्या पलीकडे गेल्या पाहिजेत. वितळलेल्या केबलीमुळे थांबलेल्या टर्बो गाड्या फुटलेल्या इंजिनांपेक्षा जास्त असतील.

टॉर्क ११० न्यूटन मीटरवरून दीडशेच्या घरात जातो. मूळ क्लच तिसऱ्या-चौथ्या गिअरात, ३५०० च्या पुढे घसरतो: आरपीएम चढतात, वेग चढत नाही. कडक प्रेशर प्लेट पुरते; गिअरबॉक्स मात्र झटक्याने क्लच सोडल्यावर तुटतो, टॉर्कने नाही.

ट्रॅकवर खरी परीक्षा दुपारी होते. सकाळी इंटेक ५० अंशांवर असतो, चौथ्या-पाचव्या फेरीला ७० च्या पुढे जातो. ईसीयूत इंटेक ६० च्या पुढे प्रत्येक दहा अंशांना दोन अंश टायमिंग मागे घ्यायचा तक्ता भरून ठेवा आणि चार जोरदार फेऱ्यांनंतर एक सावकाश फेरी घ्या. पिटमध्ये आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं आयडलला चालू द्या. पाण्याची नळी टर्बोपासून चढती ठेवली असेल तर बंद केल्यावरही गरम पाणी आपोआप वर जातं आणि बेअरिंगमध्ये तेल जळून कोळसा होत नाही. प्रत्येक दिवसानंतर तेल काढून पांढऱ्या पुठ्ठ्यावर थेंब टाका, उन्हात धरा. चमकणारे कण दिसले तर पुढच्या फेरीआधी चेंबर उतरवा. आणि टर्बोच्या तोंडात हात घालून शाफ्टचा प्ले तपासा, थंड झाल्यावर.